कियांती क्लासिको आंबट का लागते? नवख्यांसाठी पायरीपायरीने

इटालियन रेड वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "आंबट आहे हो, बिघडली असेल." कियांती क्लासिकोच्या बाबतीत तर ही तक्रार हमखास ऐकू येते. बाटली सहसा बिघडलेली नसते. तो आंबटपणा सांजोवेसे नावाच्या द्राक्षाचा, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या डोंगरउतारांचा आणि तिथल्या गार रात्रींचा असतो. तो ओळखता आला की ही वाइन निम्मी कळली. म्हणून या लेखात बाटली निवडण्यापासून ती संपवण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत आणि मध्ये जिथे थांबावंसं वाटलं तिथे मी बराच वेळ थांबलो आहे.

आधी उच्चार उरकून घेऊ. 'चियांटी' नव्हे, कियांती.

पायरी १: बाटलीची मान बघा

दुकानात गेल्यावर लेबलावरचा किल्ला, सोनेरी अक्षरं, सरदार घराण्याची ढाल, यांकडे काही काळ दुर्लक्ष करा. नजर बाटलीच्या मानेकडे न्या. तिथे काळ्या कोंबड्याचं गोल चिन्ह आहे का? असेल तर ती कियांती क्लासिको. २००५ पासून हा कोंबडा या वाइनच्या प्रत्येक बाटलीवर असतो. त्याच्या जवळच गुलाबी कागदाची एक अरुंद पट्टी दिसेल. ती इटालियन सरकारी छापाची पट्टी आहे, तिच्यावर प्रत्येक बाटलीचा वेगळा क्रमांक असतो आणि 'डीओसीजी' अशी अक्षरं असतात. इटलीतल्या वाइनच्या दर्जाच्या नियमांत हा सगळ्यात वरचा वर्ग.

कोंबडा नसेल आणि लेबलावर नुसतं 'कियांती' असेल तर ती दुसरी वाइन आहे. वाईट असेलच असं नाही, पण वेगळी. नुसत्या कियांतीचा प्रदेश तोस्काना (टस्कनी) प्रांतात दूरवर पसरलेला आहे, पिझा (पिसा) शहराजवळच्या टेकड्यांपासून आरेत्सोपर्यंत. तिच्यात सांजोवेसे किमान ७० टक्के असलं तरी चालतं. क्लासिकोत ते किमान ८० टक्के लागतं आणि प्रदेशही मूळचा, आखीव. आपल्याकडे इटालियन रेस्तराँच्या यादीत दोन्हींची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि वाढणाराही दोन्हींना 'कियांतीच' म्हणतो, त्यामुळे विचारून घेतलेलं बरं.

मग पोटभेद. साधी कियांती क्लासिको, जिला तिकडे 'अन्नाता' म्हणतात, ती किमान १२ महिने मुरवून बाजारात येते. 'रिझेर्वा' २४ महिने, त्यातले तीन महिने बाटलीत. 'ग्रान सेलेत्सियोने' ३० महिने, आणि द्राक्षं स्वतःच्याच मळ्यातली हवीत. हा तिसरा वर्ग २०१४ मध्ये आला. पहिल्या बाटलीसाठी माझा सल्ला सरळ आहे: अन्नाता घ्या. महाग बाटली म्हणजे जास्त मुरलेली आणि बऱ्याचदा ओकच्या लाकडाचा वास लागलेली. त्या लाकडामागे द्राक्ष काय म्हणतंय हे नवख्याला ऐकू येत नाही. शिवाय आयात केलेल्या वाइनवर आपल्याकडे कर जबर असल्याने ग्रान सेलेत्सियोनेची किंमत ऐकून पहिला घोट घेण्याआधीच तोंड कडू होतं.

मागचं लेबल वाचायला विसरू नका. बारीक अक्षरांत बाटली भरणाऱ्याचा पत्ता असतो. त्यात राड्डा, गायोले, ग्रेवे, कास्तेल्लीना असं एखादं गाव सापडेल. ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हवामानापुरती. बाटली दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, मे महिन्यात ताटकळलेली बाटली घेऊ नका. मानेवरची टोपी वर उचलल्यासारखी दिसत असेल किंवा तिच्याखालून चिकट ओघळ आलेला असेल तर वाइन उष्णतेने फुगून बुचाला ढकलून गेली आहे. अशी बाटली चांगल्या वर्षाची असली तरी नको.

हा कोंबडा आला कुठून

तोस्कानात ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना यांचं हाडवैर. मधल्या कियांतीच्या टेकड्या कुणाच्या, यावरून वर्षानुवर्षं लढाया. शेवटी असं ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सरहद्द. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला, त्याला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सने काळा निवडला आणि त्याला उपाशी डांबून ठेवला. भुकेने कासावीस झालेला काळा कोंबडा दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी ओरडला. सिएनाचा स्वार निघेपर्यंत फ्लॉरेन्सचा स्वार जवळजवळ सिएनाच्या वेशीपर्यंत पोचला होता. दोघं भेटले फोन्तेरूतोलीपाशी, सिएनापासून डझनभर किलोमीटरवर. कियांती जवळजवळ सगळं फ्लॉरेन्सच्या पदरात पडलं.

गोष्ट झकास आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. खरं एवढं की चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सने या भागाच्या संरक्षणासाठी गावांचा एक लष्करी संघ उभा केला होता आणि सोनेरी पार्श्वभूमीवरचा काळा कोंबडा ही त्याची खूण होती. फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्कियो या राजवाड्यातल्या मोठ्या दरबारी दालनाच्या छतावर वसारी या चित्रकाराने तो कोंबडा रंगवून ठेवला आहे. फ्लॉरेन्सला गेलात तर मान वर करून शोधा.

वाइनच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं साल १७१६. त्या वर्षी तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा दे मेदिची याने फर्मान काढून कियांतीच्या हद्दी आखून दिल्या: ग्रेवे, पान्झानो, मग राड्डा, गायोले आणि कास्तेल्लीना, थेट सिएनाच्या राज्याच्या सीमेपर्यंत. त्या हद्दीबाहेरच्या मालाला ते नाव लावायचं नाही. द्राक्षाच्या प्रदेशाला कायद्याने कुंपण घालण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. कारण व्यापारी होतं. इंग्लंडला जाणाऱ्या पिंपांत भेसळ होत होती आणि नाव खराब होत होतं.

पुढे मागणी वाढली तशी आजूबाजूच्या सगळ्यांनाच कियांती व्हावंसं वाटू लागलं. १९२४ मध्ये राड्डात ३३ उत्पादक एकत्र आले, त्यांनी संघ काढला आणि जुन्या लष्करी संघाचा कोंबडा खूण म्हणून घेतला. तरीही १९३२ च्या सरकारी निर्णयाने कियांती हे नाव मोठ्या प्रदेशाला देऊन टाकलं. मूळ भागाला समजूत म्हणून 'क्लासिको' ही शेपटी मिळाली. दुकानात तुम्हाला गोंधळात टाकणाऱ्या दोन लेबलांचं मूळ त्या निर्णयात आहे. क्लासिकोला स्वतःचे स्वतंत्र नियम १९९६ मध्ये मिळाले.

पायरी २: फ्रिज

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांतल्या खोल्यांसाठी होता. पुण्यात एप्रिलमध्ये किंवा ठाण्यात कधीही खोलीचं तापमान ३० च्या वर असतं. इतक्या गरम वाइनमधून अल्कोहोल नाकात घुसतं आणि बाकी सगळं दडपून जातं. कियांती क्लासिको १६ ते १८ अंशांना हवी. बाटली आधीपासून फ्रिजमध्ये असेल तर पिण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. बाहेर असेल तर पाऊण तास फ्रिजमध्ये टाका. थोडी जास्त गार झाली तरी चिंता नको, पेल्यात पाच-दहा मिनिटांत वर येते. उलटं झालं तर सुधारणं अवघड.

बूच काढल्यावर त्याचा वाइनकडचा भाग पाहा. कधी कधी तिथे काचेच्या चुऱ्यासारखे खडे चिकटलेले असतात. ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक, म्हणजे द्राक्षाचंच आम्ल गारठ्याने गोठलेलं. निरुपद्रवी आहेत.

पायरी ३: रंग आणि वास

पेला एक-तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर धरून तिरका करा. कियांती क्लासिको माणकासारखी लाल आणि पारदर्शक असते; पेल्यातून कागदावरची छापील अक्षरं दिसतात, निदान त्यांचा आकार तरी. चार-पाच वर्षं जुनी असेल तर कडेला विटकरी झाक दिसेल. सांजोवेसेची साल पातळ, रंगद्रव्य बेताचं, त्यामुळे तिचा रंग कधीच दौतीतल्या शाईसारखा गडद नसतो. पेला शाईसारखा काळाजांभळा दिसला तर मला आधी शंका येते की उरलेल्या २० टक्क्यांत मेर्लो किंवा काबेर्ने सोव्हिन्यों भरपूर आहे. नियमांत ते बसतं. ओळखीच्या पहिल्या भेटीत मात्र नको.

आता वास. पेला टेबलावरच ठेवून दोन-तीनदा गोल फिरवा आणि मग नाक आत घाला, संकोच न करता. आंबट लाल फळ, वाळलेला पाला, कधी टोमॅटोच्या देठाचा हिरवा वास, कधी चहापत्ती, जुन्या बाटलीत चामडं. वाइनवर लिहिणारे याला 'आंबट चेरी' म्हणतात. ज्याने आयुष्यात आंबट चेरी खाल्लेली नाही त्याने ती हुंगल्याचं सोंग करायचं कारण नाही. वाळकं आणि ताजं, दोन्ही एकत्र येतंय का, एवढं बघा. ते येत असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात. व्हॅनिला किंवा भाजल्याचा वास पुढे येत असेल तर ती नव्या, छोट्या फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवलेली होती. जुन्या पद्धतीचे लोक मोठी, वापरून वापरून मुरलेली लाकडी पिंपं वापरतात. त्यांतून लाकडाचा वास जवळजवळ येत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या कुबट वर्तमानपत्राचा वास आला तर बूच सदोष आहे. तो वास वाऱ्यावर ठेवून जात नाही. बाटली परत करा.

पायरी ४: घोट, आणि आंबटपणाची परीक्षा

घोट मोठा घ्या, लगेच गिळू नका. तोंडात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडतात. जिभेच्या कडांना पाणी सुटतं: हा आंबटपणा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आक्रसते, जांभळं खाल्ल्यावर होतं तशी: हा तुरटपणा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला. गिळल्यावर घशाशी किंचित कडवट, बदामाच्या सालीसारखी चव राहते, आणि ती मला या वाइनमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. गोडवा शोधू नका, तिच्यात साखर जवळपास उरलेलीच नसते.

आता मुख्य प्रश्न: हा आंबटपणा खरा की वाइन व्हिनेगर झाली? ओळखण्याची युक्ती सोपी आहे आणि ती नाकात आहे. द्राक्षाच्या मूळ आम्लांना वास नसतो. ती फक्त जिभेला कळतात. वाइन हवेने आणि जिवाणूंनी बिघडली की ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि त्याला मात्र झणका असतो. पेल्यात नाक घातल्याबरोबर व्हिनेगरने किंवा नेलपॉलिशने टोचल्यासारखं झालं तर बिघाड. नाकाला फळ आणि पाला, जिभेला आंबट, तर वाइन धडधाकट आहे. कियांतीत व्हिनेगरचा अगदी पुसटसा अंश कधी कधी असतो. जुन्या पठडीचे पिणारे त्याला दोष मानत नाहीत, पण ते नंतरचं.

दुसरी खूण: चांगला आंबटपणा घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ करतो आणि पुढचा घास मागतो. बिघाडाचा आंबटपणा घशात चरचरत राहतो.

मग हा आंबटपणा येतो कुठून

पहिलं कारण द्राक्षात. सांजोवेसे हे इटलीत सगळ्यात जास्त लावलं जाणारं द्राक्ष, पण स्वभावाने भलतं हट्टी. ते उशिरा पिकतं. तोस्कानात तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. कुठल्याही द्राक्षात साखर चढत जाते आणि आम्ल उतरत जातं. सांजोवेसेचं आम्ल उतरताना फार वेळ लावतं. घाईने तोडलं तर तुरट आणि हिरवं लागतं, वाट बघावी तर पाऊस गाठतो आणि पातळ सालीचे घड कुजू लागतात. २०१४ सारख्या ओल्या, थंड वर्षी मळेवाल्यांची झोप उडते. २०१७ ला उलट, एप्रिलात हिमदव पडला आणि उन्हाळ्यात दुष्काळ. २०१६ आणि २०१९ ही वर्षं मात्र दोन्ही टोकांपासून लांब. लेबलावर त्यातलं एखादं दिसलं तर बिनधास्त घ्या.

दुसरं कारण उंची. या टेकड्यांवरचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते ६०० मीटरवर आहेत. दिवसा ऊन कडक, रात्री गारठा. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं, गार रात्रींत टिकतं. म्हणून जितके वर जाल तितकी वाइन सडसडीत आणि आंबटसर. राड्डा आणि लामोले ही त्यातली वरची गावं. चाळीस वर्षांपूर्वी तिथे द्राक्षं नीट पिकतच नसत, वाइन कडक आणि आंबटढाण होई, आणि खालचे लोक नाक मुरडत. हवा तापत गेली तशी बाजी उलटली. आता गरम वर्षी लोक राड्डाची बाटली मागून घेतात.

तिसरं कारण म्हणून सगळे मातीकडे बोट दाखवतात. इथे दोन नावं सारखी कानावर येतील: 'गालेस्त्रो', म्हणजे हातात धरली की पापुद्रे सुटून भुरभुरणारी चिकणमातीची पाटी, आणि 'आल्बेरेझे', फिकट, टणक चुनखडी. वरच्या अंगाला 'माचीन्यो' नावाचा करडा वालुकाश्म. मळ्यातून चालताना बुटाखाली गालेस्त्रो कुरकुरते आणि ढेकूळ उचललं तर बोटांत चुरा होतो. दगडाची चव वाइनमध्ये उतरते असं कुणी सांगितलं तर माना डोलवा आणि सोडून द्या. दगड काय करतो ते कोरडंच आहे: पाणी साचू देत नाही, वेलीला फार खायला देत नाही. वेल माजत नाही, मणी लहान राहतात, सालीचं प्रमाण रसाच्या मानाने वाढतं. तेवढं पुरतं.

आता मागच्या लेबलावरचं गाव आठवा. २०२१ मध्ये उत्पादक संघाने या प्रदेशाचे अकरा उपविभाग ठरवले. त्यांची नावं पुढच्या लेबलावर लावायची परवानगी सध्या फक्त ग्रान सेलेत्सियोनेला आहे, म्हणून साध्या बाटलीत पत्त्यावरूनच अंदाज बांधायचा. ढोबळ मानाने: राड्डा आणि लामोले म्हणजे फिकट, सुगंधी, आंबटपणा धारदार. कास्तेलनुओवो बेरार्देंगा दक्षिणेला, सिएनाकडे, जास्त उबदार. तिथली वाइन भरदार आणि मऊ. पान्झानोच्या खाली सोन्याचा द्रोण म्हणून ओळखला जाणारा दक्षिणमुखी उतार आहे. ऊन तिथे दिवसभर साचतं आणि वाइनमध्ये पिकलेलं फळ जास्त येतं. गायोले मोठं आणि विखुरलेलं, एका वाक्यात पकडता येत नाही. सान काशानो फ्लॉरेन्सच्या जवळचं, तुलनेने सखल.

एक पत्र आणि त्याचा विपर्यास

गायोलेत ब्रोलियोचा किल्ला आहे. तिथला बॅरन बेत्तीनो रिकासोली इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. लोक त्याला लोखंडी बॅरन म्हणत. राजकारणातून उसंत मिळाली की तो वाइनचे प्रयोग करी. १८७२ मध्ये त्याने पिझा विद्यापीठाचे प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला. सांजोवेसेतून वाइनला सुगंध आणि जोर मिळतो. कानायोलो हे दुसरं लाल द्राक्ष त्याचा कडकपणा कमी करतं. माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष वाइन हलकी आणि रोज पिण्याजोगी करतं, पण ठेवायच्या वाइनमध्ये ते घालू नये. म्हणजे आंबटपणा आणि तुरटपणा कसा माणसाळवायचा, हाच त्याचाही प्रश्न होता.

पुढच्या पिढ्यांनी पत्रातली शेवटची अट सोयीस्कर विसरली. १९६७ चे पहिले सरकारी नियम आले तेव्हा कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं, आणि त्यात माल्वाझियापेक्षा बेचव त्रेब्बियानो मुबलक. शेतीही तेव्हा उलथापालथीत होती. शतकानुशतकं इथे मळे अर्धेलीने कसले जात. कुळ कसे, मालकाला निम्मं देई, आणि वेली ऑलिव्ह व गव्हाच्या मधून वाढत. पन्नास-साठच्या दशकांत कुळं कारखान्यांच्या गावांकडे निघून गेली, मालकांनी घाईघाईने नुसत्या द्राक्षांचे मळे लावले आणि वाण निवडला तो जास्त घड देणारा. गवताच्या विणीत गुंडाळलेली गोल पोटाची बाटली, जुन्या इटालियन हॉटेलांत मेणबत्ती खोचून ठेवलेली दिसते ती, या काळाची निशाणी. वाइन पातळ, आंबट आणि स्वस्त. तेव्हाच्या तक्रारी रास्त होत्या.

बंड आतूनच झालं. १९७१ च्या पिकापासून आन्तिनोरी घराण्याने आपली तिन्यानेल्लो ही वाइन कियांती नावाशिवाय, साधी टेबल वाइन म्हणून विकायला काढली आणि १९७५ पासून तिच्यातून पांढरं द्राक्ष पूर्ण काढून टाकलं. राड्डात सेर्जो मानेत्ती यांनी १९७७ मध्ये ले पेर्गोले तोर्ते केली, नुसत्या सांजोवेसेची. तेव्हाच्या नियमाने ती कियांती ठरत नव्हती! प्रदेशातल्या सगळ्यात चांगल्या वाइनवर प्रदेशाचं नाव नाही, अशी ही विचित्र अवस्था बरीच वर्षं चालली. शेवटी नियम हलले. १९९६ पासून शंभर टक्के सांजोवेसे चालू लागलं आणि २००६ च्या पिकापासून कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून संघाने चांगल्या वाणांवर जे संशोधन केलं त्याची कलमं आज मळ्यांत उभी आहेत. आज तुमच्या पेल्यातला आंबटपणा त्यामुळे फळाला धरून असतो.

पायरी ५: जेवण

ही वाइन नुसती पिऊ नका. तोस्कानात ती ताटाबरोबरच येते. तिथली पाककृती साधी आणि दांडगी आहे: कोळशावर भाजलेला कियानीना बैलाचा जाड तुकडा, रानडुकराच्या खिम्याचा सॉस घातलेला पास्ता, शिळ्या पावाचं आणि टोमॅटोचं दाट सूप, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज. तिथला पाव बिनमिठाचा असतो, पहिल्यांदा खाणाऱ्याला तो अळणी लागतो. चरबी आणि टोमॅटो असले की कियांतीचा आंबटपणा कामाला लागतो. टोमॅटो स्वतः आंबट आहे. कमी आंबट वाइन त्याच्यापुढे फुळकवणी लागते.

आपल्या स्वयंपाकघरात नियम दोनच. तिखट टाळा: मिरचीची आग आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांना भडकवतात, तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन नुसती कडू लागेल. मासेही टाळा, लाल वाइनमधल्या लोहामुळे सुरमईबरोबर तोंडात धातूची चव येऊ शकते. मिरी आणि मीठ लावून भाजलेल्या मटण चॉप्सबरोबर, टोमॅटोच्या साध्या पास्त्याबरोबर किंवा जुन्या चीजबरोबर मात्र खुशाल काढा. एक प्रयोग करा: आधी वाइनचा नुसता घोट, मग चीजचा तुकडा, मग पुन्हा घोट. दुसऱ्या घोटात आंबटपणा अर्धा झाल्यासारखा वाटतो. चरबी आणि मीठ मिळून हे करतात.

पायरी ६: उरलेली, आणि पुढची बाटली

एका बैठकीत संपली नाही तर बूच उलटं न करता पुन्हा तसंच लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. आम्ल चांगलं असल्यामुळे दोन-तीन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी कधी कधी जास्त मोकळी लागते. त्यानंतर स्वयंपाकात वापरा.

दुसऱ्या बाटलीला रिझेर्वावर उडी मारण्यापेक्षा आडवं जा: पहिली राड्डाची असेल तर दुसरी कास्तेलनुओवो बेरार्देंगाची, वर्ष शक्यतो तेच. दोन्ही एकाच संध्याकाळी उघडता आल्या, चार जण असतील तर, उत्तम.

याला जोडून एक घरचा प्रयोगही होऊ शकतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली ही वायनरी सांजोवेसे लावते. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली. तिची 'सेत्ते' सांजोवेसे आणि काबेर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाची आहे. वेलीचा वाण तोस्कानाचा, पण दख्खनवर वेल हिवाळ्यात झोपत नाही. आपल्याकडे छाटणी वर्षातून दोनदा होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हाळा चढत असताना. तिकडे छाटणी थंडीत एकदाच आणि तोडणी उन्हाळा उतरल्यावर. गार रात्रींचा हिशेबच वेगळा. कियांतीच्या पेल्याशेजारी ठेवून फक्त आंबटपणाकडे लक्ष द्या, कुठली चांगली याचा निवाडा करू नका.

तोस्कानातच पुढे जायचं असेल तर रुफिना बघा: फ्लॉरेन्सच्या ईशान्येला, क्लासिकोच्या हद्दीबाहेर, उंचावर आणि गार, नुसत्या 'कियांती' नावाखालची सगळ्यात विश्वासाची बाटली तिथली. मोन्तेपुल्चानोच्या बाबतीत फसू नका. 'व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' ही त्या गावाची सांजोवेसेप्रधान वाइन, आणि 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो' ही पलीकडच्या आब्रुत्सो प्रांतातली, मोन्तेपुल्चानो नावाच्याच वेगळ्या द्राक्षाची. आणि मोन्ताल्चीनो गावच्या ब्रुनेल्लो या वाइनचा मोह झाला तर आधी रोस्सो दी मोन्ताल्चीनो घ्या. द्राक्ष तेच, शंभर टक्के सांजोवेसे. ब्रुनेल्लोला तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागतं, रोस्सो वर्षभरात मोकळी होते आणि किंमत बरीच कमी.